नवरंगाचा रहिवासी दाखला

फोटो खोटा आहे, हे मी बघताक्षणी सांगितलं होतं. नाव न सांगता कुणीतरी मोबाइलवर पाठवलेला. पाचोळ्यात उभा असलेला एक आखूडशेपट्या पक्षी. पाठ हिरवी, खांद्यावर चकचकीत निळा डाग, पोट चंदनी, डोळ्यावरून जाड काळा पट्टा, गळा पांढरा आणि शेपटीखाली लाल, म्हणजे कुंकवाचा करंडा उपडा झाल्यासारखा लाल. एवढे रंग एका पक्ष्याला कोण देतो? खाली एकच ओळ: "बेळगुंदीच्या पुढच्या राईतला आहे. उपयोग होतो का बघा."

ती राई आमच्या पत्रकाचा विषय होती. नव्या रस्त्याची आखणी बरोबर तिच्यातून गेली आहे. माझी कॉलेजातली मैत्रीण दीपा राईलगतच्या गावची, तिच्यामुळं निपाणीत बसून आम्ही त्या झाडांसाठी भांडत होतो. आमच्या मंडळात चार माणसं, एक ओळखीचा छापखाना आणि राग मुबलक. छापखान्याचे सदूभाऊ आमच्यात सगळ्यात उत्साही. त्यांनी माझं न ऐकता तो पक्षी हरकतीच्या अर्जात घालून टाकला. त्यावर रस्त्याच्या कचेरीचं उत्तर आलं, दोन वाक्यांचं. सदर पक्षी स्थलांतरित असून येथील रहिवासी नाही. ग्रामस्थांनाही अशा पक्ष्याची माहिती नाही.

रहिवासी नाही! आमच्या भागात माणसाला आयुष्यभर कुठल्या ना कुठल्या खिडकीवर आपण कुठले ते सिद्ध करावं लागतं. आता पाखरांनीही रांगेत उभं राहायचं होतं.

पण राग एकीकडं आणि भीती एकीकडं. मागच्या पावसाळ्यात बोरगावच्या नदीकाठच्या झाडांसाठी काढलेल्या पत्रकावर सदूभाऊंनी नेटवरून उचललेला बगळा छापला होता. तो बगळा नव्हता, फ्लेमिंगो होता. पुढं कितीतरी दिवस बोरगावात आम्हाला विचारत होते, "काय, गुलाबी बगळा आला काय तुमचा?" झाडं गेली आणि विनोद राहिला. त्यामुळं आता सरळ हिशेब होता. फोटो खोटा असेल तर शुक्रवारच्या सुनावणीत आम्ही परत बगळेवाले ठरणार आणि राई जाणार. फोटो खरा असेल तर कचेरी खोटं बोलतेय. दोघांपैकी एक लबाड होता. कोण, ते बघायला मी रविवारी निघाले. सोबत पत्रकांचा गठ्ठा, आणि सदूभाऊंच्या पुतण्यानं क्रिकेटची मॅच बघायला घेतलेली दुर्बीण.

बेळगाव

फोटो आलेल्या नंबरावर मी इतक्या वेळा फोन लावला होता की शेवटी त्या माणसानं कंटाळून पत्ता दिला. टिळकवाडी, वकिलांचं घर. दीपा बेळगावातच एका ऑफिसात आहे, ती स्टँडवर भेटली तेव्हा पत्ता बघून म्हणाली, "अगं, हे तर लेआउटवाल्यांचे वकील. रस्ता झाला की तिथं प्लॉट पाडणार ते." झालं. सापळा आहे हे माझ्या मनात पक्कं झालं. आमच्याकडून खोटा पक्षी छापून घ्यायचा आणि सुनावणीत फाडायचा.

वकीलकाका साठीच्या पुढचे, सदरा इस्त्रीचा, पायात घरातल्या चपला. मी बसायच्या आधीच विचारलं, "तुमचे पक्षकार लेआउटवाले आहेत ना?"

"आहेत."

"मग आम्हाला फोटो कशाला पाठवलात?"

"म्हणूनच नाव घातलं नाही. कुंदा घ्या."

कुंदा देऊन तोंड गोड करणाऱ्यांचा मला जुना संशय आहे. आमच्या निपाणीत तंबाखूच्या वखारीत सौदा ठरायच्या आधी चहा येतो, आणि चहा आला की भाव पडला समजायचं. मी कुंद्याची वाटी बाजूला सरकवली. मग चहा पिता पिता संपवली, ते वेगळं.

"फोटो खरा कशावरून?" मी विचारलं.

वकीलकाका खुर्चीत सरळ बसले. बहुतेक हा त्यांचा आवडता प्रश्न असावा. "तुम्ही साक्षीदार. मी उलटतपासणी घेतो. पक्षी कुठं होता?"

"पाचोळ्यात."

"बघितलात?"

"फोटोत बघितला."

"म्हणजे बघितला नाहीत. कसा होता?"

"हिरवा, निळा, लाल..."

"थांबा. रंगाचा साक्षीदार पहिल्या मिनिटाला फुटतो, बाई. सावलीत हिरवा काळा दिसतो, उन्हात निळा पांढरा दिसतो. बसला कुठं, चालला कसा, शेपूट केवढी, हे आधी. रंग सगळ्यात शेवटी, सही करताना."

मग त्यांनी मला एकेक पक्षी आरोपीसारखा उभा करून सोडून दिला. खंड्याही निळा आणि भडक, पण तो तारेवर नाहीतर पाण्याकाठी बसून सूर मारणार. हळद्या पिवळाजर्द, पण झाडाच्या शेंड्यात, जमिनीवर सहसा उतरायचा नाही. हा मात्र सगळा थाट करून खाली. झाडीच्या गारव्यात टुणटुण उड्या मारत चोचीनं पानं उलथायची, खालचे किडे आणि गांडुळं खायची. "लग्नाचा शालू नेसून पाचोळा झाडणारी बाई बघितली की समजायचं, नवरंग. शेपूट म्हणजे कातरून टाकल्यासारखी. आणि पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ, मान मागं टाकून."

"आणि स्थलांतरित?"

"हो, ते कचेरीनं खरं लिहिलंय." माझ्या चेहऱ्याकडं बघून ते हसले नाहीत, हे एक बरं. "थंडीत हा दक्षिणेत असतो, थेट लंकेपर्यंत. पावसाच्या तोंडाला वर सरकतो, रात्रीचा उडतो. एकदा आमच्या ह्याच व्हरांड्यात पडला होता दमून. मी बुटाच्या खोक्यात ठेवला, सकाळी झाकण काढलं तर माझ्याकडं असं बघितलं की जणू मीच अतिक्रमण केलंय. तेव्हापासून मागे लागलोय त्याच्या."

"म्हणजे वाटसरूच की."

"तोच तर मुद्दा. नुसता जाता जाता थांबला तर कचेरीचं बरोबर. इथं घर करतो तर तुमचं बरोबर. पाला आणि काड्यांचा फुटबॉलएवढा गोळा करतो, खाली नाहीतर बुटक्या फांदीत, बाजूनं दार. चोचीत काडी दिसली की समजायचं. वाटसरू घर बांधत नाही." मग जरा थांबून म्हणाले, "मी राईच्या कडेवरून फोटो काढला. चोच रिकामी होती. पुढचं मला माहीत नाही, आणि माहीत असलं तरी मी साक्षीला येणार नाही."

माणूस खरं बोलत होता की अर्धं, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. एवढा जीव आहे पक्ष्यावर तर ते पक्षकार कशाला, असं मी निघताना विचारलं. ते म्हणाले, "मुलीचं शिक्षण." भिंतीवर मुलीच्या पदवीदानाचा फोटो होता आणि तो जुना झाला होता.

बेळगुंदीच्या पुढं, सोमवार

गावाचं नाव लिहीत नाही. लांब नळकांडी कॅमेऱ्याला लावून घरट्यापर्यंत घुसणारे लोक काय करतात हे आता मला कळलंय. बेळगुंदी ओलांडली की रस्ता काजूच्या बागांतून चढतो, माती लाल होत जाते, हे एवढं पुरे.

दीपाच्या आईला सगळे शांताक्का म्हणतात. मी पोचले तेव्हा त्या अंगणात फणस फोडत बसल्या होत्या, हाताला तेल लावून. आमच्याकडं सपाट काळी जमीन, तंबाखू आणि ऊस. फणस आमच्याकडं बाजारातून फोडींनी येतो. इथं तो परसात लोंबतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उचलून देतात.

"दीपीची मैत्रीण व्हय? कुनाची गं तू?"

मी बापाचं नाव, गल्ली, आजोळ सगळं सांगितलं.

"आनि हे गळ्यात काय?"

"दुर्बीण. पक्षी बघायला."

त्यांचा हात फणसात थांबला. "हितं कसलं पक्षी. कावळं हाईत. चिमण्या बी गेल्या." आणि परत गरे काढायला लागल्या. इतकं सपाट खोटं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. त्या बोलत होत्या तेव्हा मागच्या झाडीत निदान चार तऱ्हेचे आवाज चालू होते.

संध्याकाळी शांताक्कांचे थोरले दीर आले. मारुतीआप्पा. गावच्या पंचांतले. डोक्याला टापशी बांधलेली, आवाज बारीक. मी त्यांना आमचं पत्रक दिलं. त्यांनी ते उजेडाकडं धरून सावकाश वाचलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हितं छापलंय, ग्रामस्थांची एकमुखी मागणी. आमास्नी इचारलं कवा?"

"दीपाला विचारलं होतं."

"दीपी एकमुखी. बरं." पत्रकाची नीट घडी घालून त्यांनी मला परत दिली.

मी सकाळी राईत जाणार असं सांगितल्यावर दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "उद्या मंगळवार," आप्पा म्हणाले. "पाळनूक हाय."

पाळणूक म्हणजे काय ते शांताक्कांनी सांगितलं. देवीच्या यात्रेच्या आधी पाच मंगळवार गाव पाळतं. औत धरायचं नाही, कुऱ्हाड-विळा उचलायचा नाही, गिरणी बंद, ट्रॅक्टर बंद, चुलीवर फोडणीसुद्धा द्यायची नाही. राईत देवीचं ठाणं, तिथं त्या दिवशी कुणीच पाऊल टाकायचं नाही. आणि गावात असलेल्यानं दिवेलागणीपर्यंत शीव ओलांडायची नाही.

"पाहुण्यानंसुद्धा?"

"पाव्हनं जेवाय लागतंय न्हवं हितंच? मग त्येनं बी पाळायचं."

आमच्या निपाणीत सुट्टी म्हणजे माणसाला सुट्टी. बाजार बंद, दुकानं बंद, पण गाड्या चालू आणि भोंगे दुप्पट. इथली सुट्टी जमिनीला होती. पण हे आता सुचतंय. त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: मला नेमकं उद्याच कोंडून ठेवतायत. उद्या नक्की मोजणी आहे. नाहीतर झाडांवर खुणा घालणार आहेत. रूढीच्या आडून व्यवहार होतात हे मी स्वतः दोन पत्रकांत छापलेलं आहे.

जेवण झालं. उकड्या तांदळाचा भात, फणसाची भाजी, भाजलेला सुका बांगडा. नंतर बघते तर खुंटीवरची दुर्बीण गायब.

मंगळवार

झोपमोड झाली ती शांततेनं. हे खोटं वाटेल, पण आवाज नसला की माणूस जागा होतो. पंप नाही, गिरणी नाही, कुकरची शिट्टी नाही, मोटारसायकल नाही. फटफटलं होतं. मी तोंड धुवायला परसात गेले तर शांताक्का मागच्या पायरीवर नुसत्याच बसलेल्या. मी पहिल्यांदा दुर्बिणीबद्दल विचारणार होते, सरळ, चोरीचा शब्द वापरून. तोंड उघडलं आणि तेवढ्यात शीळ आली.

दोन सूर. पहिला वर चढणारा, दुसरा खाली सोडून दिलेला. मधे थोडा वेळ जाऊ देऊन परत तेच. राईच्या बाजूनं. मग दुसरीकडून, लांबून, उत्तर.

शांताक्कांनी माझ्याकडं बघितलं नाही. त्या अंगठ्यानं पायरी घासत होत्या.

परसाच्या शेवटी कुडाचं कुंपण, त्याच्याआड काजूचा आणि आंब्याचा पाला ढीग लावून कुजवत ठेवलेला. तिथून पुढं राई सुरू. त्या ढिगात काहीतरी हललं. मला आधी उंदीर वाटला. मग तो टुणकन बाहेर आला, ताठ, जणू हात पाठीमागं बांधून उभा राहिलेला मास्तर. वकीलकाकांचा आवाज माझ्या कानात चालू झाला. बसला कुठं? जमिनीवर. चालला कसा? उड्या मारत, दोन उड्या आणि थांबा. शेपूट? नाहीच म्हटली तरी चालेल. काय करतोय? चोचीनं पान उलथून फेकतोय. एक, दुसरं. खालून गांडूळ ओढलं, ताणलं, गिळलं. रंग मी मुद्दाम शेवटपर्यंत बघितला नाही, आणि मग बघितला तर सगळ्यात आधी तो डोळ्यावरचा काळा पट्टा दिसला, दरोडेखोरासारखा. मग वाकल्यावर शेपटीखालचं लाल. फोटो खोटा नव्हता. फोटो उलट कमीच होता.

दुर्बीण नव्हती, त्यामुळं मी मोबाइल काढला आणि फोटो घेतला. त्या फोटोत आजही तपकिरी पाचोळ्यावर एक हिरवट ठिपका आहे. कुणीही त्याला पान म्हणेल.

तो ढिगावर चढला. एक वाळकं पान उचललं, टाकलं. दुसरं उचललं. ते मात्र टाकलं नाही. चोचीत आडवं धरलं, इकडंतिकडं बघितलं आणि खालूनच, जमिनीलगत, राईत उडून गेला. उडताना पंखातून निळं चमकलं. थोड्या वेळानं परत आला. या वेळी काडी.

"आक्का," मी म्हणाले, "हे काय आहे?"

"काय?"

"आक्का."

"वरडू नगंस, पाळनूक हाय." मग जरा वेळानं, हळू: "जेठात येतंय. दरसाल. त्येला नाव कशाला पायजे? माझं लगीन होऊन आले तवापासनं हितं पाला उचलतंय. आमी म्हनून ह्यो ढीग आशाढाच्या आधी हालवत न्हाय."

"मग साहेबाला नाही का सांगितलं? तिथं लिहिलंय, गावाला माहिती नाही म्हणून."

त्या उठल्या, घरात गेल्या आणि मला खूण केली. तांदळाच्या कणगीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी माझी दुर्बीण बाहेर काढली, पदरानं पुसली.

"मागच्या खेपंला दोघं आलते. त्येंच्याजवळ असलीच, पर तीन पायावर उबी केलेली. लांबनं डोळा लावून बगत व्हते. त्येनी बी गोड बोलूनच इचारलं, आक्का, हितं कुठलं पक्षी येतात. म्हैना झाला न्हाय तर परड्यापातूर दगडं रोवली. आता गळ्यात दुर्बीण घालून आलेल्या मानसाला मी काय सांगू? तुझं बी नाव गाव खरं कशावरनं?"

मी दुर्बीण हातात घेतली. गावानं तीनपायी दुर्बीण बघितली होती ती बहुतेक मोजणीचं यंत्र असावं. पण जे डोळ्याला लावतात ते जमीन घ्यायला लावतात, हा त्यांचा अनुभव होता आणि तो चुकीचा नव्हता. दोघांतला लबाड कोण ते शोधायला मी आले होते. फोटो खरा निघाला. कचेरीनंही जे ऐकलं तेच लिहिलं होतं. खोटं बोललं होतं ते गाव. आणि शुक्रवारी त्याच खोट्यावर राई जाणार होती.

दुपारी बिनफोडणीची आमटी आणि भात जेवून आप्पा ओट्यावर टेकले होते. मी सगळं सांगितलं. वाटसरू, घर, चोचीतली काडी. फोटो फसलाय, त्यामुळं आता गावानंच तोंड उघडलं पाहिजे. मी सभेत बोलते तशी बोलले असणार, कारण आप्पा मधेच म्हणाले, "हळू. देवी झोपलीया."

मग ते म्हणाले, "आता माझं आयक. पक्षी हाय म्हनलं. बरं. रस्ता वळला. बरं. मग जंगलवाले येनार, आत जायाचं न्हाय म्हनून पाटी लावनार. देवी आत, आनि आमी भाईर. पाला न्हाय, काटकी न्हाय, यात्रंला परवानगी. एकानं रस्ता करून न्यायचं, दुसऱ्यानं राखून न्यायचं. आमचं जातंय त्ये जातंयच. पाटी लागनार न्हाय म्हनून तू लिहून देतीस?"

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं, पत्रकातलं, तयार. लोकांचा हक्क, लढा, शेवटच्या श्वासापर्यंत. ते मी बोलले नाही. समोरचा माणूस एकमुखी या शब्दावर बोट ठेवणारा होता.

"नाही," मी म्हणाले. "माझ्या हातात काहीच नाही."

"मंग कशाला आलीस?"

"पक्षी खरा आहे का बघायला."

"बगितलास. आता दिवं लागल्यावर जा." आणि त्यांनी कूस बदलली.

दिवेलागणीला शीळ परत आली, दोन्ही बाजूंनी. मी बॅग भरून पायरीवर बसले होते. शांताक्कांनी गरे बांधून दिले आणि विचारलं, "शुक्रवारी कुठं असतंय त्ये?"

शुक्रवार, बेळगाव

सुनावणीची खोली लहान, पंखा मोठा. साहेब माझ्यापेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठे, धारवाडकडचे. मी मनात त्यांचा जो चेहरा तयार केला होता तो त्यांना अजिबात नव्हता, आणि त्यामुळं मला त्यांचा आणखीच संशय आला. मागच्या बाकावर वकीलकाका बसले होते, दुसऱ्या कुठल्यातरी प्रकरणाचे कागद घेऊन. माझ्याकडं त्यांनी ओळखीनं बघितलं नाही.

मी माझं म्हणणं मांडलं. मोबाइल पुढं केला. साहेबांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. "हे पान आहे ना?" त्यांनी विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता हे जास्त लागलं.

तेवढ्यात दारात टापशी दिसली. आप्पा, मागं शांताक्का, त्यांच्यामागं गावचे अजून दोघं-तिघं. शांताक्कांनी जरीच्या काठाचं लुगडं नेसलं होतं, यात्रेला नेसतात तसं.

साहेब कन्नडात विचारत होते, आप्पा मराठीत सांगत होते. मधे दुभाषा लागत नव्हता. आमच्याकडं भांडणं भाषेवरून होतात, पण बोलणं अडत नाही.

"असा पक्षी गावात आहे?"

"हाय."

"मागं विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"खोटं बोल्लो."

"का?"

"तुमच्या मानसांजवळ तीन पायाची दुर्बीण व्हती."

खोलीत कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी कारकुनाकडं बघितलं आणि कारकून थांबला होता तो लिहायला लागला. मग साहेब म्हणाले, पण अज्जा, हा पक्षी इथला नाही. पावसाळ्यात येतो आणि निघून जातो. मुक्काम खाली दक्षिणेत. त्याला इथला रहिवासी कसं म्हणायचं?

आप्पांनी टापशी सोडली, परत बांधली.

"साहेब, माझा थोरला पुन्यात कंपनीत हाय. यात्रंला येतोय, घर शाकारतोय, पेरनीला चार दीस हात लावतोय, परत जातोय. वर्साचं बाकीचं म्हैनं तिकडंच. म्हनून काय उताऱ्यावरनं त्येचं नाव काढताय व्हय?"

साहेब समोरचा अर्ज परत उघडून बघायला लागले.

"ह्ये पाखरू बी तसंच. हितं घर बांधतंय, हितं पोरं काढतंय. ज्येची पोरं ज्या मातीत झाली, त्येचं त्ये गाव. आनि येक. पाटी लावायची न्हाय. राखायचं आमचं आमी राखतोय. त्ये बी लिव्हा."

मी उठून कारकुनाच्या खांद्यावरून वाचलं. विश्वास म्हणून मी कुणाच्या लिहिण्यावर ठेवत नाही. लिहिलं होतं, पाटीचंही लिहिलं होतं. मागच्या बाकावर वकीलकाका कागद चाळत होते, आणि चाळत असलेला कागद उलटा होता.

"मला प्रत्यक्ष बघावं लागेल," साहेब म्हणाले. "मंगळवारी येतो."

"मंगळवारी आत कुनी जात न्हाय. बुधवारी या."

"बुधवारी बैठक आहे. मंगळवारीच जमेल."

परत तेच, मी मनात म्हणाले. पाळणूक मोडणार, गाडी थेट राईत घालणार, आणि गाव बिथरून परत नाही म्हणणार. मी बोलायला उभी राहिले. शांताक्कांनी माझा दंड धरून मला खाली बसवलं आणि त्या पहिल्यांदा बोलल्या.

"येऊ दे की. पर सांगून ठिवतो साहेब, मंगळवारी गावात आलेलं मानूस दिवं लागल्याबिगार भाईर जात न्हाय. फोडनी मिळनार न्हाय."

निपाणी

मंगळवारी मी छापखान्यात होते. सदूभाऊ नवं पत्रक जुळवत होते आणि मी एकमुखी हा शब्द काढायला लावला म्हणून कुरकुरत होते. दिवसभर फोन नाही. गावात रेंज असते, मग फोन का नाही? दुपारपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की साहेब आलाच नाही. संध्याकाळपर्यंत ठरवलं की आला आणि यंत्र लावून गेला. निकाल अजून आलेला नाही, दगडं अजून परसात आहेत, हे लिहितेय तेव्हासुद्धा. त्यामुळं कुणाला चांगलं म्हणायची मला घाई नाही.

दिवेलागणीनंतर शांताक्कांचा फोन आला. मागं गिरणीचा आवाज सुरू झालेला ऐकू येत होता.

"साहेब आलता गं. सकाळच्या पारी. गाडी शिवंवर ठिवून चालत आला, गळ्यात तुझ्यासारखीच दुर्बीण."

"मग? राईत गेला?"

"कुठलं. मागच्या पायरीवर बसला. दीसभर. बिनफोडनीचं जेवला, आनि भात परत मागून घेतला."

"आणि पक्षी? दिसला का त्याला?"

"त्ये मला काय म्हाईत. मी काय त्येच्या डोळ्यात बगत बसू? शीळ झाली तवा गप बसला व्हता, येवढं खरं." मग आतून कुणीतरी काहीतरी विचारलं, आणि शांताक्का फोन बाजूला न धरताच त्याला म्हणाल्या, "आवो देतो की. कनगीत हाय, तांदळात. हात धुवून घ्या."